भावोजींचा लाल दिवा

रत्नागिरीत तेव्हाही मोटारी होत्या. बंदरावरच्या व्यापाऱ्यांकडे होत्या, आंब्याच्या मोठ्या कलमवाल्यांकडे होत्या, आगबोटीवरून निवृत्त होऊन आलेल्या एकदोन कप्तानांकडेही होत्या. पण मोटारीची नाडी बघणारा माणूस उभ्या जिल्ह्यात एकच होता आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही सांगत नाही. ऐंशीनंतरची ती तीन-चार वर्षं मी अक्काकडे राहून जिल्हा परिषदेत कारकुनी करत होतो. त्यामुळे जे डोळ्यांसमोर घडलं ते माहीत आहे, एवढंच.

भावोजी होमिओपॅथीचे डॉक्टर. घराच्या पुढच्या पडवीत त्यांचा दवाखाना होता. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाला औषध मिळायला पाऊण तास लागायचा, कारण गोळ्यांच्या आधी प्रश्न असत. साधी सर्दी घेऊन आलेल्या माणसाला ते विचारत, ‘कोणत्या कुशीवर झोपता? खारट आवडतं का आंबट? लहानपणी पाण्याची भीती वाटायची का?’ माणूस गोंधळून उत्तरं द्यायचा आणि भावोजी ती जाडजूड वहीत उतरवून घ्यायचे. एकदा गुडघे धरून आलेल्या एका कोळणीला त्यांनी विचारलं, ‘बाय, स्वप्नात काय दिसतं?’ ती म्हणाली, ‘सपनात पण हेच गुडघं दुखतत डाक्टर, दुसरा काय दिसणार?’ आम्ही आतल्या खोलीत तोंड दाबून हसलो. भावोजी हसले नाहीत. त्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते दिवसातून चार वेळा आमच्या कानांवर पडायचं. ‘लक्षण हा आपला मित्र आहे. त्याचं ऐकावं. लक्षण दाबलं की रोग आत जातो.’ अक्काला खोकला झाला की ती माजघरात जाऊन उशीत तोंड खुपसून खोकायची. बाहेर खोकली असती तर पाऊण तास गेला असता.

गावोगावच्या रुग्णांकडे जायला एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून त्यांनी एका कप्तानाची जुनी गाडी घेतली. ती कधीकाळी लाल असावी. आमच्याकडे आली तेव्हा तिचा रंग सोलकढीसारखा झाला होता. कप्तान कागदांवर सही करत असताना भावोजींनी त्यांना विचारलं, ‘लहानपणी हिला काही मोठं दुखणं झालं होतं का?’ कप्तानांना तो विनोद वाटला. ते पोट धरधरून हसले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, हिला सर्दीसुद्धा झालेली नाही.’ भावोजींनी घरी आल्यावर नवीन वही काढली. पहिल्या पानावर ‘प्रकृती उत्तम, स्वभाव सोशीक’ असं लिहिलं.

सहा महिने गाडी खरोखरच सोशीकपणे वागली. मग तिच्या पोटाखाली अंगणात काळे थेंब दिसू लागले. ऑइल गळत होतं. भावोजींनी गाडी नाचणे रस्त्यावरच्या बाळा मिस्त्रीकडे नेली. बाळा मिस्त्री हा कायम हसरा, कायम घाईत आणि कायम काहीतरी शोधत असलेला माणूस. कधी पाना शोधायचा, कधी विडी, कधी कानावर ठेवलेली पेन्सिल. त्यानं दोन दिवसांत गाडीचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या खाली ऑइल साठतं ती लोखंडी परात, खोलून पुन्हा बसवलं आणि गाडी परत केली. गळती थांबली. भावोजींनी त्याच्या हाताची स्तुती केली, त्याच्या जळजळीवर गोळ्या दिल्या आणि आम्ही सुखानं घरी आलो. तिसऱ्या दिवशी हातखंब्याचा चढ चढताना गाडीतला तो लाल दिवा पहिल्यांदा लागला.

दिवा म्हणजे काय, अर्धवट पिकलेल्या करवंदाएवढा. स्टिअरिंगच्या मागे घड्याळासारख्या तबकडीत तो बसवलेला होता. इंजिनाला ऑइल पोचत नसलं की त्यानं लागायचं, एवढंच त्याचं काम. दुसरा कोणी असता तर त्यानं ‘च्यायला’ म्हणून गाडी हाकली असती. भावोजींनी मात्र तत्क्षणी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरून बोनेटवर उजव्या हाताची तीन बोटं ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. आम्हाला म्हणाले, ‘जरा शांत बसा.’ आम्ही शांत बसलो. ट्रक जात होते, ड्रायव्हर माना वळवून बघत होते. बरोबर पंधरा मिनिटांनी त्यांनी इंजिन चालू केलं. दिवा लागला नाही. ‘विश्रांतीनं आराम,’ असं म्हणून त्यांनी वहीत नोंद केली.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. गावात फिरताना दिवा कधी त्रास द्यायचा नाही. लांब निघालो, आणि त्यातून चढ लागला, की अर्ध्या तासात तो हटकून डोळा उघडायचा. मग तो निवळीचा घाट असो की भर बाजारपेठ, भावोजी थांबायचे. एकदा लग्नाच्या वरातीच्या अगदी पुढ्यात थांबले. बँडवाले वाजवत राहिले, घोडा बिचकला, नवरदेवाचा काका धावत आला. भावोजींनी त्याला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. नवल म्हणजे तो गप्प झाला, आणि पंधरा मिनिटं वरात मोटारीच्या प्रकृतीसाठी ताटकळली. वही भरत चालली. ‘चढावर त्रास वाढतो. उतारावर बरं. गार वाऱ्याचा फरक नाही. माणसं जास्त असली की लक्षण लवकर.’ अक्का म्हणायची, ‘माझ्या बाळंतपणात एवढं लिहिलं नव्हतं यांनी.’

दिव्याच्या निमित्तानं आम्ही गावातले सगळे मिस्त्री पालथे घातले. मारुती मंदिराजवळच्या एकानं जाड ऑइल घातलं. दिवा आठ दिवस गेला आणि नवव्या दिवशी परत आला. आखातात काम करून आलेल्या एकानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सगळं इंजिनच बदला म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं दिव्याचं बटण बदललं. बाळा मिस्त्रीकडे तर आम्ही महिन्यातून दोनदा जायचो. तो बोनेट उघडायचा, आत डोकं घालायचा, हसत बाहेर यायचा. ‘डाक्टर, गाडीला काय एक झालेला नाय. दिवा म्हंजे काय, लागायचाच. त्येचा कामच ता आहे. तुमी बिनघोर जावा.’ या सगळ्यांना भावोजी गाडीचा साद्यंत इतिहास वाचून दाखवायला बघायचे, पण दुसऱ्या ओळीच्या पुढे ऐकायला कोणालाच सवड नसायची. उलट प्रत्येकाचं स्वतःचं काही ना काही दुखणं निघायचं. कोणाची पाठ, कोणाचं पित्त, कोणाला न लागणारी झोप. वर्षभरात रत्नागिरीतल्या झाडून सगळ्या मिस्त्र्यांची प्रकृती सुधारली. गाडी होती तिथेच होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण माझं लग्न निघालं.

देवरुखची मुलगी होती. सकाळी दहाला बघायला या, असा निरोप होता. एसटीनं जाऊ, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. ‘मुलगी बघायला एसटीनं? गाडी असताना?’ भावोजी दुखावले. आम्ही सातलाच निघालो. हातखंब्याला पहिल्यांदा थांबलो, पालीच्या पुढे दुसऱ्यांदा आणि साखरप्याकडे न जाता देवरुखकडे वळल्यावर तिसऱ्यांदा. गाडीत माणसं जास्त म्हणून त्या दिवशी विश्रांतीही दर खेपेला तासाची झाली. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, पोहे गार होऊन त्यांचा लगदा झाला होता आणि मुलीच्या वडिलांना वाट बघून बघून उचकी लागली होती. कोणी काही बोलायच्या आत भावोजींनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ‘उचकी जेवणाआधी लागते का नंतर? राग आल्यावर वाढते?’ ते गृहस्थ म्हणाले, ‘राग आल्यावर लागते. आजच लागलीय.’ मुलगी बाहेर आली, तिनं मान खाली घालून नाव सांगितलं, आणि आत जाताना एकदा भावोजींकडे आणि एकदा माझ्याकडे असं काही पाहिलं, की निकाल मला तिथेच कळला. आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं पोस्टकार्ड आलं.

दुसरं स्थळ गणपतीपुळ्याच्या बाजूचं होतं. मुलगी शिकलेली होती, माणसं चांगली होती, आणि माझ्या मनात तिच्या फोटोनं आधीच घर केलं होतं. बघायला जायच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी बाळा मिस्त्रीकडे गेलो. भावोजींनी पंक्चर काढायला गाडी तिथेच ठेवली होती. मी म्हणालो, ‘मिस्त्री, तो दिवा लागणार नाही असं काही करता येईल का?’

‘येईल की,’ तो म्हणाला, ‘मी कवापासून सांगनार हुतो. तार तोडली की दिवा संपला. पन डाक्टरला सांगायची छाती व्हत नाय.’

‘मग सांगू नका.’

त्यानं खिशात पक्कड शोधली, सापडली नाही, मग मांडीखालीच सापडली. एका झटक्यात काम झालं. संध्याकाळी गाडी मीच दारात आणून लावतो, असंही तो म्हणाला. मला वाटलं होतं, मनाला काही लागेल. तेव्हा तरी काही लागलं नाही. उलट मी शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी किल्ली फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली आणि गाडी चालू केली. मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलो होतो. त्या दिवशी आम्ही दिव्यासाठी एकदाही थांबलो नाही. थांबलो ते वेगळ्याच कारणांनी. निवळीला भावोजी म्हणाले, चहा घेऊ. बाहेरचा चहा ते कधी पीत नसत. चाफे गावाच्या अलीकडे त्यांना शहाळं प्यावंसं वाटलं. पुढे एका वळणावर त्यांनी आम्हाला खाली उतरवून एक कुंभ्याचं झाड दाखवलं आणि त्याच्या सालीचे गुण सांगितले. पण आम्ही निघालोच होतो पहाटे, त्यामुळे दहाच्या ठोक्याला दारात होतो. पोहे गरम होते. सगळं सुरळीत पार पडलं. लग्न ठरलं. ती फोटोतली मुलगी आज पलीकडच्या खोलीत बसून तांदूळ निवडते आहे आणि मी काय लिहितोय ते अधूनमधून विचारते आहे.

पुढचा दीड महिना आमच्या घरात सणासारखा गेला. दिवा गेल्याचं अक्काला एवढं समाधान झालं की ती आपणहून गाडीत बसायला लागली. संध्याकाळी भावोजी तिला मांडवीच्या बंदरावर घेऊन जायचे. येताना ती काहीबाही गुणगुणायची. गाडीत बसून अक्का गुणगुणते आहे हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भावोजींची वही टेबलावर तशीच पडून असायची. एकदा मी सहज उघडून पाहिली. शेवटच्या नोंदीखाली पान कोरं होतं.

मग तो रविवार आला. आंब्याचे दिवस होते, उन्हाचा नुसता जाळ होता. गोळपच्या एका म्हाताऱ्या कलमवाल्याकडे भावोजींना बोलावणं आलं आणि सुट्टी म्हणून मीही बरोबर गेलो. म्हातारा ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. अंगाला दरदरून घाम सुटलेला, डावा हात उजव्या हातानं दाबून धरलेला. भावोजी त्याच्याजवळ बसले. मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. एकही प्रश्न विचारला नाही. नाडीवर बोटं ठेवली, छातीला कान लावला आणि उठून म्हणाले, ‘हे माझं काम नाही. यांना सरकारी दवाखान्यात पोचवायला हवं. आत्ता. उचला.’

म्हाताऱ्याच्या सुनेनं आणि मुलानं मिळून त्याला मागच्या सीटवर निजवलं. सून त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पुढे, मुलगा सायकलवरून मागून निघाला. गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, सगळीकडे नुसता काळा कातळ. सावलीला एक झाड नाही. भावोजींनी गाडी अशी हाकली जशी मी त्यांना कधी हाकताना पाहिली नव्हती. सडा संपायच्या सुमाराला इंजिनाचा आवाज बदलला. आधी टकटक, मग डब्यात खडे घालून हलवावे तसा खडखडाट. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे रस्त्यावर होते. भाट्याचा उतार उतरलो, समोर खाडीवरचा पूल दिसायला लागला, पलीकडे गाव. पुलाच्या तोंडाशी एक मोठा आवाज झाला, चाकं जागच्या जागी घासली आणि गाडी थांबली ती थांबलीच. भावोजींनी किल्ली फिरवली. काही हललं नाही.

मागे सून रडायला लागली. ‘डाक्टर, आता वो काय करायचा?’

भावोजी खाली उतरले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. पाच-सात मिनिटं गेली असतील. मला ती फार लांब वाटली. मग पावसहून येणारी एसटी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि खिडकीतून शिवी देणार, एवढ्यात त्यानं त्यांना ओळखलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या अर्धशिशीवर भावोजींनी पाऊण तास घेतला होता. पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. चौघांनी म्हाताऱ्याला उचलून आत नेलं, एका बाईनं माशांची पाटी मांडीवर घेऊन मागचं बाकडं मोकळं केलं, कंडक्टरनं ओरडून सांगितलं, ‘मधे कुठं थांबनार नाय, सरळ दवाखाना! कोनाला उतरायचं असंल त्यानं आताच उतरा!’ कोणीही उतरलं नाही. भावोजी दारात चढले आणि मला म्हणाले, ‘तू गाडीपाशी थांब.’

मी थांबलो. पुलाच्या कठड्यावर बसलो. खाली खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं. म्हातारा वाचेल की नाही, हा विचार करण्याऐवजी मी सारखा त्या पकडीचा विचार करत होतो. एका झटक्यात तुटलेली तार. दिवा असता तर सड्यावरच लागला असता, वेळीच कळलं असतं, दुसरं काहीतरी करता आलं असतं. मी शीळ घालत घरी गेलो होतो, तेही आठवलं.

तीन वाजून गेल्यावर भावोजी पुलावरून चालत येताना दिसले. डोक्यावर छत्री, हातात केळ्यांची फणी. जवळ येऊन म्हणाले, ‘आहेत. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आठ दिवस ठेवतील.’ मग माझ्याशेजारी कठड्यावर बसले आणि केळं सोलायला लागले.

मी म्हणालो, ‘भावोजी, त्या दिव्याची तार बाळा मिस्त्रीनं माझ्या सांगण्यावरून तोडली.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले.

‘माहीत आहे?’

‘अरे, किल्ली फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधी तो दिवा क्षणभर लागतोच. रोज लागतो. तुला मुलगी बघायला न्यायच्या दिवशी लागला नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली. मग आरशात तू दिसलास. इतके घट्ट डोळे मिटून बसला होतास, की दिवा कुठे गेला ते मला कळलं.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘काय बोलणार? देवरुखला तुला माझ्यामुळे उशीर झाला होता. म्हटलं, जाऊ दे. मधेमधे थांबत गेलो. मला काय शहाळं आवडतं?’

तेच पुढे म्हणाले, ‘नंतर मात्र माझं चुकलं. लग्न ठरल्यावर तार जोडून घ्यायला हवी होती. पण तुझी अक्का गाडीत गुणगुणायला लागली, वसंता. मी डॉक्टर, जन्मभर लोकांना सांगत आलो लक्षण दाबू नका, आणि स्वतःच्या घरात ते दाबलेलं दिसत असताना बंदरावर फिरत राहिलो. बरं वाटत होतं.’

‘आज दिवा असता तर गाडी वाचली असती,’ मी म्हणालो.

त्यांनी केळ्याची साल नीट घडी करून बाजूला ठेवली. ‘आवाज मला सड्यावरच ऐकू आला होता. पंधरा मिनिटं थांबलो असतो तर इंजिन शाबूत राहिलं असतं, हे मला ठाऊक होतं. त्या माणसाकडे पंधरा मिनिटं नव्हती. मी धरून चाललो होतो की पूल ओलांडून होईल. तेवढा माझा अंदाज चुकला. दिवा लागला असता ना, तरी आज मी थांबलो नसतो.’ एवढं बोलून त्यांनी फणीतलं मोठं केळं माझ्या हातात दिलं. ‘खा. सकाळपासून काही पोटात नाही तुझ्या.’

ते मी खाल्लं. त्याची चव आजही सांगता येणार नाही.

गाडी टेम्पोला बांधून गावात आणली. या वेळी भावोजींनी ती मिरकरवाड्यात नेली, मच्छिमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या इब्राहीमचाचांकडे. चाचा सत्तरीचे, एका डोळ्यानं अधू. मोटारी ते सहसा हातात धरत नसत. त्यांनी भावोजींना एका उलट्या घातलेल्या टोपलीवर बसवलं, स्वतः दुसऱ्या टोपलीवर बसले आणि म्हणाले, ‘डाक्टरसाब, पयला पासून सांगा.’ भावोजींनी वही उघडली. चाचांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं ऐकलं. मधे एकदाही उठले नाहीत. मी भावोजींचा चेहरा पाहत होतो. इतकी वर्षं जो माणूस दुसऱ्यांचं ऐकत आला, त्याचं शेवटपर्यंत ऐकणारं कोणीतरी त्याला त्या दिवशी भेटलं होतं.

‘दिवा लागायच्या आगुदर गाडीचा काय खोललेला?’ चाचांनी विचारलं.

‘चेंबर. ऑइलगळतीसाठी.’

‘मग चेंबरातच हाय.’

चेंबर उतरवलं. ऑइल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीला एक चिंधी चिकटलेली निघाली. निळ्या पट्ट्यांची, हात पुसून पुसून मऊ झालेली. चाचांनी ती काडीनं उचलून भावोजींसमोर धरली. गाडी जोरात पळाली, चढ चढली, की ही चिंधी ओढली जाऊन जाळीवर बसायची आणि दिवा लागायचा. इंजिन बंद केलं की सुटून तळाशी जायची. म्हणजे वर्षभर बोनेटवर तीन बोटं ठेवून आमच्या डॉक्टरांनी जो विश्रांतीचा उपचार चालवला होता, तोच काय तो खरा उपचार होता. बाकी सगळ्या मिस्त्र्यांनी गाडी बिघडवली होती. चाचा म्हणाले, ‘तुमी थांबत गेलाव म्हनून येवडे दिस चालली, डाक्टरसाब. दुसऱ्याची पयल्या म्हयन्यात गेली असती.’ भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ती चिंधी धुऊन, वाळवून, ते बाळा मिस्त्रीकडे घेऊन गेले. मी मुद्दाम बरोबर गेलो. मला भांडण बघायचं होतं. बाळा मिस्त्रीनं चिंधी हातात घेतली, उलटसुलट केली आणि त्याचं तोंड उजळलं. ‘ही तर माज्या सदऱ्याची बाही! किती शोधला हिला! खय गावली?’ भावोजींनी सांगितलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं खाली बसून डोकं धरलं आणि म्हणाला, ‘डाक्टर, माजा असाच होता. हातातली वस्तू कुटं ठेवतंय ता ध्येनात ऱ्हात नाय. घरची पन वैतागलीत.’ भांडण राहिलं बाजूला. भावोजींनी त्याच्यासमोर एक जुना टायर ओढला, त्यावर बसले आणि विचारलं, ‘हे कधीपासून?’ आम्ही तिथून पाऊण तासानं निघालो.

इंजिन पुन्हा उभं राहायला दोन महिने लागले. माझ्या लग्नाला आम्ही सगळे एसटीनंच गेलो आणि वेळेत पोचलो. तार जोडली गेली, पण तो दिवा सकाळी किल्ली फिरवताना क्षणभर दिसायचा तेवढाच. वाटेत पुन्हा कधी लागला नाही. गोळपचे ते म्हातारे पुढे सहा-सात वर्षं कलमं राखत होते. दर हंगामात ते स्वतः एसटीनं येऊन पेटीभर आंबे पडवीत ठेवून जायचे. भावोजी त्यांना बसवून स्वप्नं विचारायचे.

मग माझी बदली दापोलीला झाली, संसार वाढला, रत्नागिरीला जाणं सणावारापुरतं उरलं. दशक संपत आलं तेव्हा भावोजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि अक्कानं गाडी विकायचं ठरवलं. खेडचे एक शाळामास्तर ती घ्यायला आले त्या दिवशी मी योगायोगानं तिथे होतो. सालस माणूस होता. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, दार उघडून पाहिलं आणि जरा संकोचानं विचारलं, ‘डॉक्टर, हिला काही त्रास आहे का हो? आधी माहीत असलेलं बरं.’

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांना खुर्ची पुढे सरकवायच्या बेतात होतो. तीन वह्या भरतील एवढं भावोजींकडे सांगण्यासारखं होतं. पण ते गाडीच्या टपावर तळहात टेकून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, ‘नाही. स्वभावानं शांत आहे. फार माणसं कोंबू नका म्हणजे झालं.’

मास्तर गाडीत बसले. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली आणि वळणाआड गेली. धूळ खाली बसली तरी भावोजी रस्त्यावरच उभे होते, त्या बाजूला कान लावून. दिसत त्यांना फारसं नव्हतंच.

‘ऐकलंस?’ ते मला म्हणाले. ‘आवाज कसा स्वच्छ आहे.’

मला आवाज केव्हाच ऐकू येईनासा झाला होता. मी हो म्हणालो.